दातांवरील पांढरे डाग : तारांच्या उपचारानंतरची दक्षता

वेडेवाकडे दात तारा बसवून सरळ करून घेणे ही एके काळी मोठ्या शहरांतील मोजक्या कुटुंबांपुरती मर्यादित असलेली गोष्ट होती. आज धाराशिव जिल्ह्यासारख्या, पर्जन्यमान बेभरवशाचे असलेल्या आणि मुख्यतः शेतीवर अवलंबून असलेल्या जिल्ह्यातही तालुक्याच्या गावच्या शाळांतून तारा लावलेली मुले-मुली दिसू लागली आहेत. जिल्ह्यातील अनेक पालक या उपचारासाठी मुलांना एस.टी.ने सोलापूर, बार्शी किंवा लातूर येथे नेतात. दीड-दोन वर्षे दर महिन्याची खेप, उपचाराचा खर्च आणि बुडणारी मजुरी हे सारे सोसून अखेर तारा निघतात तेव्हा दात सरळ झालेले असतात. परंतु काही मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग उमटलेले आढळतात. अशा वेळी पालकांची घोर निराशा होते. तारा चिकटविण्याच्या द्रव्याने दात खराब केले असा समज पसरतो आणि पुढे गरज असलेले दुसरे मूलही उपचारापासून वंचित राहण्याचा संभव निर्माण होतो.

हे डाग कशामुळे पडतात, ते टाळता येतात काय आणि पडलेच तर त्यांवर उपाय कोणता, याची माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे. कारण पांढरा डाग ही दात किडण्याची पहिली पायरी असू शकते आणि याच एका पायरीवरून मागे फिरता येते. डागाचा खड्डा झाल्यावर तो भरून काढावा लागतो. दात आपण होऊन पूर्ववत होत नाही.

दंतवल्काची रचना

दाताच्या दर्शनी भागावर जे चकचकीत कवच असते त्यास दंतवल्क म्हणतात. व्यवहारात एनॅमल हा शब्दही रूढ आहे. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. कॅल्शियम व फॉस्फेट यांपासून बनलेले हायड्रॉक्सीॲपेटाइटचे सूक्ष्म स्फटिक त्यात अत्यंत दाटीने रचलेले असतात. हाड मोडले तर ते सांधते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. म्हणून दंतवल्काचा तुटलेला तुकडा पुन्हा उगवत नाही.

असे असले तरी दंतवल्क ही निर्जीव, न बदलणारी भिंत नव्हे. लाळेत कॅल्शियम व फॉस्फेट विरघळलेल्या स्वरूपात असतात आणि दंतवल्क व लाळ यांच्यामध्ये खनिजांची देवाणघेवाण अहोरात्र चालू असते. तोंडातील आम्लता वाढली की दातातील खनिजे बाहेर पडतात. आम्लता निवळली की लाळेतील खनिजे पुन्हा दातात शिरतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापनात साधारणतः ५.५ च्या खाली आकडा गेला की दंतवल्क विरघळू लागते. जमा-खर्चाचा हा हिशेब बरोबर राहिला तर दात निरोगी राहतो. खर्च सातत्याने जमेपेक्षा अधिक होऊ लागला की पांढरा डाग पडतो.

आम्ल येते कोठून?

दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. दंतवैद्य त्यास प्लाक म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या नावाचा जंतू १९२४ साली प्रथम वर्णिला गेला. तो व त्याचे सोबती साखरेवर वाढतात आणि तिचे आम्लात रूपांतर करतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात असे दाखवून दिले की, तोंडात साखर गेल्यानंतर काही मिनिटांतच या थरातील आम्लता वाढते आणि ती पूर्ववत होण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो.

या शोधाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याला अधिक महत्त्व आहे. जेवणासोबत कुंथलगिरीचा एखादा पेढा खाणारे मूल आणि गुढीपाडव्याची साखरेची गाठी दिवसभर चघळत राहणारे मूल, यांत दुसऱ्याच्या दातांना कितीतरी अधिक धोका असतो. तीच गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा होणाऱ्या गोड चहा-बिस्किटांची. प्रत्येक वेळी आम्लतेचा नवा तास सुरू होतो आणि लाळेला हिशेब जुळविण्यास उसंतच मिळत नाही.

तारांमुळे काय घडते?

तारांच्या उपचारात प्रत्येक दाताच्या पुढील बाजूस एक छोटा धातूचा किंवा चिनीमातीसारख्या पदार्थाचा तुकडा चिकटविला जातो. त्यास ब्रॅकेट म्हणतात. या ब्रॅकेटमधून तार ओवलेली असते. अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या वेडेवाकडेपणाचे वर्गीकरण मांडून या शाखेचा शास्त्रीय पाया घातला. पुढे १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्काचा पृष्ठभाग किंचित खरबरीत करून त्यावर पदार्थ घट्ट चिकटविता येतो, असे दाखविले. त्यामुळे प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसविण्याची जुनी पद्धत मागे पडून ब्रॅकेट थेट चिकटविण्याची पद्धत रूढ झाली.

ब्रॅकेट आणि तार यांमुळे दाताच्या पृष्ठभागावर अनेक आडोसे निर्माण होतात. तेथे अन्नकण अडकतात, ब्रशचे केस पोहोचत नाहीत आणि लाळेचा प्रवाहही नीट फिरत नाही. ब्रॅकेट व हिरडी यांच्यामधील अरुंद पट्टीत प्लाकचा थर विशेष साचतो. स्वच्छतेची हेळसांड झाल्यास केवळ चार आठवड्यांतही डोळ्यांना दिसेल असा पांढरा डाग पडू शकतो, असे प्रत्यक्ष अभ्यासात आढळले आहे. दोन तपासण्यांमध्ये साधारण एवढेच अंतर असते. म्हणजेच पेरणीची किंवा सुगीची घाई म्हणून एक खेप चुकली, तर तेवढ्या अवधीतही नुकसान होऊ शकते.

अमेरिकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या पाहणीत, तारांचा उपचार पूर्ण केलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर पांढरा डाग आढळला. वरच्या जबड्यातील, मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारील दातांवर हे प्रमाण सर्वाधिक होते. उलट खालच्या पुढील दातांच्या आतील बाजूस, जेथे जिभेखालच्या ग्रंथींची लाळ सतत वाहत असते, तेथे दीर्घकाळ तार बसवूनही डाग पडले नव्हते. दाताचे रक्षण करण्यात लाळेचा वाटा किती मोठा आहे, याचा हा बोलका पुरावा होय.

चिकटविण्याच्या द्रव्याने दात खराब होतात या समजाचे उत्तर डागाच्या आकारातच सापडते. तारा काढल्यावर नीट पाहिले असता असे दिसते की, ज्या जागी ब्रॅकेट चिकटविलेले होते ती जागा बहुधा निरोगी असते आणि डाग तिच्या भोवती, चौकटीसारखा किंवा हिरडीच्या बाजूस चंद्रकोरीसारखा, उमटलेला असतो. दोष द्रव्याचा असता तर डाग ब्रॅकेटच्या खाली पडला असता. ब्रॅकेटची कड सुटून त्याखाली लाळ व जंतू शिरले असतील तर मात्र खालची जागाही खराब होते. म्हणूनच ब्रॅकेट सैल झाल्याचे ध्यानात येताच पुढील तारखेची वाट न पाहता दंतवैद्याकडे जाणे आवश्यक असते.

डाग पांढरा का दिसतो?

निरोगी दंतवल्क काहीसे पारदर्शक असते. त्यात स्फटिक दाटीने बसलेले असल्याने प्रकाश सरळ आत जातो. खनिजे निघून गेली की पृष्ठभागाखाली असंख्य सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि त्यांत पाणी व हवा भरते. प्रकाश वाकविण्याची दंतवल्काची क्षमता १.६२, पाण्याची १.३३ आणि हवेची १ मानली जाते. या तफावतीमुळे प्रकाश आत न जाता विखुरतो आणि ती जागा पांढरी दिसते. खडीसाखरेचा खडा पारदर्शक दिसतो. पण त्याचीच पूड केली की ती पांढरीशुभ्र दिसते, त्यातला हाच प्रकार होय.

यावरून दंतवैद्यास डागाची खोली अजमाविता येते. ओल्या दातावरही स्पष्ट दिसणारा डाग खोलवर गेलेला असतो. दात हवेच्या झोताने कोरडा केल्यावरच जो दिसतो, तो उथळ असतो. विशेष म्हणजे या अवस्थेत डागावरील सर्वांत बाहेरचा पातळ थर बऱ्याच अंशी शाबूत असतो. नुकसान त्याच्या खाली झालेले असते. हा थर छताप्रमाणे उभा असेपर्यंत आतील पोकळ्या लाळेतील खनिजांनी भरून येण्याची शक्यता असते. टाचणी, सुई किंवा दातकोरण्याने डाग खरवडून पाहिल्यास हे छत कोसळते आणि खड्डा कायमचा होतो. शाळेत अथवा घरी मुलांचे दात पाहताना हा मोह कटाक्षाने टाळावा.

प्रत्येक पांढरा डाग एकसारखा नसतो

उपचार ठरविण्यापूर्वी डाग कोणत्या कारणाचा आहे हे ओळखावे लागते. तारांभोवती पडणारा किडीचा प्रारंभिक डाग हिरडीलगत किंवा ब्रॅकेटच्या कडेने असतो. तो निस्तेज व खडूसारखा दिसतो आणि दात आला तेव्हा तो तेथे नव्हता, ही त्याची मुख्य खूण होय.

दुसरा प्रकार दंत-फ्लोरोसिसचा. बालपणी, हिरडीखाली दात घडत असताना, पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड अधिक प्रमाणात पोटात गेल्यास दंतवल्काची घडण बिघडते. असे डाग दात उगवतानाच सोबत येतात, उजव्या-डाव्या बाजूच्या समान दातांवर सारखेच दिसतात आणि आडव्या रेघा किंवा ढगांसारखे पसरलेले असतात. तीव्र स्वरूपात ते तपकिरी होतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा डागांचा पाठपुरावा सुरू केला आणि १९३१ मध्ये त्यांचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे असल्याचे निश्चित झाले. भारतात या विकाराची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली.

तिसरा प्रकार एखाद्याच दातावरील, स्पष्ट कडा असलेल्या पांढऱ्या किंवा पिवळसर ठिपक्याचा. लहानपणी दुधाच्या दाताला मार लागल्याने किंवा त्याच्या मुळाशी पू झाल्याने खालच्या कायमच्या दाताची घडण त्या जागी बिघडते, त्याची ती खूण असते.

या तिन्हींतील फरक ओळखण्यासाठी तारा बसविण्यापूर्वी दातांची छायाचित्रे काढून ठेवणे हितकारक असते. डाग आधीचा की नंतरचा, हा वाद त्यामुळे उद्भवत नाही.

फ्लोराइडचे दुहेरी रूप

दातांच्या बाबतीत फ्लोराइड मित्र की शत्रू, असा संभ्रम अनेकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर मात्रा, वय आणि वापरण्याची रीत यांत आहे. उगवलेल्या दाताच्या पृष्ठभागावर अल्प प्रमाणात फ्लोराइड असल्यास परत येणारी खनिजे अधिक आम्लरोधक स्फटिकांच्या रूपात बसतात. सुमारे ४.५ पीएचपर्यंत हे स्फटिक टिकाव धरतात. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्ट दाताचे रक्षण करते. दात घडण्याच्या वयात, म्हणजे सुमारे आठ वर्षांपर्यंत, तेच फ्लोराइड अधिक प्रमाणात पोटात जात राहिले तर दंतवल्क डागाळते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. धाराशिव जिल्ह्यात विहिरी व विंधन विहिरींवर अवलंबून असलेली गावे पुष्कळ आहेत आणि टंचाईच्या वर्षी नवनवीन विंधन विहिरी घेतल्या जातात. पाण्यातील फ्लोराइड चवीने, वासाने किंवा रंगाने कळत नाही. त्यामुळे प्रत्येक स्रोताची तपासणी होणे अगत्याचे आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावपातळीवर तपासणी संच देऊन महिलांना प्रशिक्षित करण्याची तरतूद आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतूनही पाण्याची तपासणी होते. दुसरा स्रोत मिळणे शक्य नसेल तेथे तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत उपयोगी पडते. ती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे.

तारा असताना घ्यावयाची काळजी

पांढऱ्या डागावरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपचार म्हणजे तो पडू न देणे. तारा लावलेल्या मुलाने प्रत्येक जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. झोपेत लाळेचा प्रवाह अत्यंत मंदावत असल्याने रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरच्या बाजूस तिरका धरून आणि नंतर खालच्या बाजूस धरून फिरवावा. तारेखालून जाणारा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो. तो अवश्य वापरावा. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. आपल्या देशात पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा दहा लाख भागांत १,००० भाग इतकी आहे आणि त्याचा उल्लेख वेष्टनावर असतो. दात घासल्यावर पेस्ट थुंकून टाकावी. लगेच भरपूर पाण्याने चुळा भरल्यास दातांवर राहिलेले फ्लोराइड वाहून जाते. तीन वर्षांखालील बालकांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी होते आणि घासताना मोठ्या माणसाने जवळ असावे.

धोका अधिक असलेल्या मुलांना दंतवैद्य ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचे द्रावण रोज गुळण्यांसाठी देतात किंवा ठरावीक अंतराने दातांवर फ्लोराइडचे व्हार्निश लावतात. गुळण्यांचे द्रावण सहा वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण ते गिळले जाण्याचा संभव असतो.

आहाराच्या बाबतीत जिल्ह्यातील नेहमीचे जेवण, म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी व ताक, दातांना प्रतिकूल नाही. भाकरी थोडी मऊ करून खावी एवढेच. ऊस दातांनी सोलणे, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे आणि कडक लाडू यांनी ब्रॅकेट निखळते. हुरड्याचे दाणे तारांत अडकून राहतात. त्यामुळे हुरड्याच्या दिवसांत खाल्ल्यानंतर लगेच चुळा भरून दात घासावेत. गोड पदार्थ खावयाचा झाल्यास तो जेवणासोबत खावा. मधल्या वेळी नको.

राखुंडी, विटेची पूड किंवा जाडेभरडे मंजन यांनी दंतवल्क झिजते. मिश्री तर जाळलेल्या तंबाखूची पूड होय. तिने दात स्वच्छ होत नाहीत. मात्र व्यसन जडते आणि मुखकर्करोगाचा धोका ओढवतो. तंबाखूयुक्त मंजन व पेस्ट यांचे उत्पादन व विक्री केंद्र शासनाने १९९२ मध्येच प्रतिबंधित केली आहे.

तारा काढल्यानंतर : उपचारांच्या पायऱ्या

तारा काढल्यावर डाग दिसले तर घाबरून लगेच मोठा उपचार करून घेण्याचे कारण नाही. आडोसे नाहीसे झाल्याने ब्रश व लाळ सर्वत्र पोहोचू लागतात आणि पहिल्या काही महिन्यांत अनेक डाग आपोआप फिके होतात. म्हणून साधारणतः तीन ते सहा महिने उत्तम स्वच्छता, साध्या फ्लोराइड पेस्टचा वापर आणि मर्यादित साखर एवढ्यावरच भर देऊन वाट पाहिली जाते. ही उपचारांची पहिली पायरी होय.

या टप्प्यावर तीव्र मात्रेचे फ्लोराइड लावावे की नाही, हा निर्णय दंतवैद्याने घ्यावयाचा असतो. कीड वेगाने पसरत असेल तर ५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या व्हार्निशने ती थोपविणे आवश्यक ठरते. परंतु दर्शनी दातांवरील डागाचा बाहेरचा थर तीव्र फ्लोराइडने एकदम घट्ट झाला, तर आतील पोकळ्या तशाच राहून पांढरेपणा कायम होण्याची शक्यता असते. पुढील दातांच्या बाबतीत म्हणूनच अनेक तज्ज्ञ सौम्य मात्रेने, सावकाश जाणे पसंत करतात. दुधातील केसिन या प्रथिनापासून तयार केलेली, कॅल्शियम व फॉस्फेट पुरविणारी मलमेही मिळतात. त्यांच्या लाभाविषयी संशोधकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती वापरू नयेत.

एवढ्याने डाग न गेल्यास दुसरी पायरी म्हणजे राळ झिरपविण्याचा उपचार. जर्मनीत विकसित झालेली ही पद्धत २००९ पासून व्यवहारात आली. यात १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या लेपाने डागावरील पातळ थर सुमारे दोन मिनिटांत खुला करतात, जागा अल्कोहोलने कोरडी करतात आणि अतिशय पातळ कृत्रिम राळ पोकळ्यांत मुरू देऊन ती प्रकाशाने घट्ट करतात. या राळेची प्रकाश वाकविण्याची क्षमता सुमारे १.५२, म्हणजे दंतवल्काच्या बरीच जवळची असते. कागदावर तेलाचा थेंब पडला की तो भाग जसा अर्धपारदर्शक होतो, तसा डाग पुसट होऊन आजूबाजूच्या रंगात मिसळतो. दात कोरावा लागत नाही आणि भूल देण्याचीही गरज नसते. फार खोल डागांवर मात्र परिणाम अपुरा पडतो.

तिसरी पायरी सूक्ष्म घर्षणाची. सौम्य केलेले आम्ल व प्युमिस दगडाची बारीक पूड यांच्या लेपाने दंतवल्काचा अत्यंत पातळ थर घासून काढला जातो. उथळ व तपकिरी झालेल्या डागांना, तसेच सौम्य फ्लोरोसिसला ही पद्धत लागू पडते. काही प्रौढ रुग्णांत आजूबाजूचा दात थोडा उजळवून डागाचा ठळकपणा कमी केला जातो. यात डाग बरा होत नाही, केवळ लपतो. रंगमिळत्या पदार्थाचे भरण किंवा दातावर बसविण्याची पातळ कवची ही शेवटची पायरी होय. कवचीसाठी बहुधा निरोगी दंतवल्क घासावे लागते व काही वर्षांनी ती बदलावी लागते. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांत ती शक्यतो टाळतात. डागाचा खड्डा झाला असेल, तर मात्र विलंब न लावता दात भरून घेतला पाहिजे.

लिंबू, खाण्याचा सोडा, मीठ किंवा कोळशाची पूड चोळून डाग घालविण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. लिंबाचे आम्ल दंतवल्कातील उरलीसुरली खनिजेही विरघळविते आणि कोळशाच्या पुडीने पृष्ठभाग झिजतो. हे सारे प्रकार वर्ज्य समजावेत.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कार्य

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करतात. दंतक्षयाचा त्यात समावेश आहे. वर्षातील उरलेल्या दिवसांत मुलांचे दात रोज ज्यांच्या नजरेस पडतात ते शिक्षकच होत. महिन्यातून एकदा, मुलांनी चूळ भरल्यावर, उघड्या प्रकाशात ओठ वर करून हिरडीलगतची जागा पाहिली तरी खडूसारखा डाग सहज दिसतो. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. नोंद करणे, पालकांस कळविणे आणि पथकाच्या भेटीच्या वेळी ती नोंद पुढे ठेवणे एवढे पुरेसे आहे. एकाच वर्गातील अनेक मुलांच्या दातांवर दोन्ही बाजूंस सारख्या रेघा आढळल्या, तर ती बाब एका मुलाच्या स्वच्छतेची नसून गावच्या पाण्याची असू शकते. ती ग्रामपंचायतीच्या निदर्शनास आणून स्रोताची तपासणी करवून घ्यावी.

शालेय पोषण आहारानंतर सर्व मुलांनी चूळ भरण्याचा प्रघात शाळेत पाडता येईल. तारा लावलेल्या मुलास तेथेच ब्रश करण्याची मुभा व जागा द्यावी, आणि त्याची थट्टा होणार नाही याकडे लक्ष पुरवावे. मासिक तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची रजा लागल्यास ती नाकारली जाऊ नये. शाळेच्या आवारात व सभोवती गोळ्या-चॉकलेटांची विक्री कमी व्हावी, यासाठी ग्रामसभेत विचार होऊ शकतो. उपचाराच्या खर्चाची अडचण असलेल्या पालकांना छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयासारख्या संस्थांची माहिती दिल्यास त्यांना योग्य दिशा मिळेल.

तारा बसविण्यापूर्वी पालकांनी दंतवैद्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मुलाच्या तोंडाची स्वच्छता या उपचारास पुरेशी आहे काय आणि पांढरा डाग दिसू लागला तर काय करावयाचे? स्वच्छता समाधानकारक नसेल, तर काही महिने ती सुधारून मग तारा बसविणे अधिक शहाणपणाचे ठरते. उपचार चालू असताना हेळसांड होतच राहिली, तर दात पूर्ण सरळ होण्यापूर्वीच तारा काढून घेण्याचा निर्णयही दंतवैद्यास घ्यावा लागतो.

सरळ झालेले दात केवळ दिसण्यासाठी नसतात. ते नीट चावता येतात, नीट घासता येतात आणि पुढे येऊन अपघातात तुटण्याची भीती उरत नाही. हा लाभ पदरात पडताना दातांचे कवच गमवावे लागू नये, यासाठी लागणारी साधने म्हणजे एक ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, शुद्ध पाणी आणि महिन्याची चुकवू नये अशी एक तारीख. पांढरा डाग वेळेवर दिसला तर तो सावधगिरीची सूचना ठरतो. ती सूचना वाचणारे डोळे प्रत्येक घरात, शाळेत व अंगणवाडीत असले, तर जिल्ह्यातील असंख्य मुलांचे दात किडीच्या पुढील पायरीपर्यंत पोहोचणारच नाहीत.